काच तपकिरी, पूड पांढरी

निर्जंतुक करण्यासाठी गॅमा किरणं द्यायला पाठवलेला खोका परत आला. तो उघडला तेव्हा आतल्या लसीच्या कुप्यांची काच तपकिरी झाली होती. पाठवताना ती स्वच्छ, आरपार दिसणारी होती. खोक्यावर चिकटवलेला पिवळा ठिपका लाल झाला होता, म्हणजे आतल्या मालाला किरणं मिळाली होती. हे सगळं अपेक्षितच होतं. गॅमा किरणांनी काचेतले इलेक्ट्रॉन जागचे हलतात, काचेच्या रचनेतल्या उणिवांमध्ये अडकून बसतात आणि तिथे प्रकाश शोषला जाऊ लागतो. म्हणून काच धुरकटते. काही काळाने किंवा तापवल्यावर हा रंग उतरतोही. हे सगळं ठाऊक असूनही एक कुपी हातात घेतली, खिडकीशी नेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. धुरकट काचेच्या आतली पूड पांढरीच होती. पाठवली तेव्हा होती तितकीच पांढरी, तितकीच मोकळी. कुपी तिरकी केली की तशीच सरकत होती. तीच किरणं दोघींमधून आरपार गेली होती. काचेवर ते दिसत होतं, पुडीवर काहीच दिसत नव्हतं. तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही.

ती पूड म्हणजे लसीचे कण. एकेक कण एक ते दहा मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. कण बनवायचे तर आधी पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचं. या द्रावकाला गोडसर वास असतो आणि हातमोज्यावर थेंब पडला की बोट एकदम गार पडतं. त्यात लसीतलं प्रथिन विरघळवलेलं पाणी घालून ढवळायचं, मग ते सगळं पुन्हा पाण्यात ओतून ढवळायचं. होमोजिनायझर, म्हणजे अतिवेगाने घुसळणारं यंत्र, चालू झाला की कानठळ्या बसवणारा बारीक सूर लागतो, आणि काही क्षणांत पात्रातलं द्रावण दुधाळ होतं. द्रावक उडून गेलं की मागे उरतात ते कण. प्रत्येकाच्या पोटात लसीचे बारीक बारीक कप्पे. धुऊन, गोठवून, निर्वातात सुकवले की ती पांढरी पूड तयार. इतक्या वेळा पाहूनही तो दुधाळ होण्याचा क्षण मला दरवेळी आवडतो.

पॉलिमरचं नाव पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांच्या रेणूंची ही लांब साखळी. आपोआप विरघळणारे टाके याच घराण्यातले. शरीरातलं पाणी ही साखळी हळूहळू तोडतं, सुटलेली आम्लं शरीराच्या रोजच्या रसायनात मिसळतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन बाहेर पडतात. काढायला काही उरत नाही. दोन आम्लं निम्मी-निम्मी घेतली तर कण लवकर विरतो. लॅक्टिकचा वाटा वाढवला की तो टिकतो. साखळी जितकी लांब, तितका वेळ जास्त. म्हणजे कण किती आठवड्यांनी पोटातली लस सोडेल, हे बनवतानाच बरंचसं ठरवता येतं. या सगळ्या खटाटोपाचं मूळ तिथेच आहे: एकदाच टोचायचं, आणि दुसरा-तिसरा डोस शरीरात आधीच जाऊन आपल्या वेळेची वाट पाहत बसलेला असेल. प्रेइस आणि लँगर या संशोधकांनी १९७९ मध्ये न विरघळणाऱ्या पॉलिमरमधून प्रतिजन, म्हणजे शरीर ज्याला ओळखायला शिकतं तो लसीतला घटक, सावकाश सोडून एका टोचणीत उंदरांमध्ये दीर्घकाळ प्रतिकारशक्ती टिकवून दाखवली होती. १९९० मध्ये बालकांच्या जागतिक शिखर परिषदेनंतर लहान मुलांच्या लशींसाठी जो आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याच्या स्वप्नातही एका टोचणीत काम भागवणारी लस होती. या कणांमध्ये सुरुवातीच्या काळात भरून पाहिलेल्या लशींमध्ये धनुर्वाताची लस होती, आणि त्याला कारण होतं.

ते कारण मला पुस्तकातून कळलं नाही. माझी आत्या परिचारिका होती. तिच्या खोलीत स्टोव्हवर एक चपटा स्टीलचा डबा असायचा आणि त्यात काचेच्या सिरिंजा व सुया उकळत असायच्या. झाकण थरथरायचं, कडेने वाफ निघायची, स्पिरिटचा वास त्या वाफेत मिसळायचा. मला त्या डब्याजवळ जायची बंदी होती. ती चिमट्याने एकेक सुई उचलायची आणि वाफ जिरेपर्यंत हवेत धरून ठेवायची. जंतू मेले की नाही, असा प्रश्न त्या खोलीत कुणाला पडायचा नाही. पाणी उकळतंय ना, बस्स. पण तिच्या बोलण्यात जी काळजी असायची ती सुयांची नव्हती. ती असायची नोंदवहीतल्या दुसऱ्या रकान्याची. गरोदर बाईला धनुर्वाताचा पहिला डोस दिला की निदान चार आठवड्यांनी दुसरा द्यावा लागतो, तेव्हा कुठे नवजात बाळाला आईकडून पुरेसं संरक्षण मिळतं. पहिल्या रकान्यात तारीख असायची आणि पुढचा रकाना कोरा. ती पान उलटून मागे जायची, पुन्हा पुढे यायची. “आली नाही,” एवढंच म्हणायची. का आली नाही, ते तिला माहीत असायचं: लांबचं अंतर, बुडणारी मजुरी, घरात आजारी माणूस. तिने त्या बायकांना कधी दोष दिलेला मला आठवत नाही.

दुसरा रकाना आपोआप भरणारा कण बनवायचा, म्हणून मी या कामात आले.

आता तो कण टोचायचा तर त्यात एकही जिवंत जंतू चालणार नाही. आणि इथेच आत्याचा डबा कामाला येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर पंधरा मिनिटं वाफ देतात. पीएलजीए पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. कणांचा एकजीव लगदा होतो, वर वाफेतलं पाणी साखळ्या तोडतं ते वेगळंच, आणि आतलं प्रथिन तर त्याच्या आधीच गेलेलं असतं. गाळून घ्यावं तर जंतू अडवणाऱ्या गाळणीची भोकं ०.२२ मायक्रॉनची, जंतूंबरोबर कणही वरच राहणार. इथिलीन ऑक्साइड वायू जंतू मारतो, पण तो स्वतः विषारी, पॉलिमरमध्ये मुरून बसतो आणि प्रथिनाच्या रेणूलाही चिकटतो. उरतात दोन रस्ते. एक तर पहिल्या थेंबापासून शेवटच्या बुचापर्यंत सगळं निर्जंतुक खोलीत, निर्जंतुक हातांनी करायचं. नाहीतर बंद कुप्या किरणांना द्यायच्या.

किरणांची जागा मी एकदा आतून पाहिली आहे. जवळजवळ दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, आणि वळणं घेत आत जाणारी वाट, कारण किरणं सरळ रेषेत जातात आणि वळणावर अडतात. काम नसतं तेव्हा कोबाल्ट-६० च्या कांड्या खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्याभोवतीचं पाणी निळं उजळलेलं असतं. तो निळा रंग चित्रात पाहिला होता. प्रत्यक्षात तो इतका शांत आणि इतका सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. सुंदर म्हणायला मन धजत नव्हतं, तरीही सुंदरच. मग कांड्या वर येतात आणि खोके त्यांच्याभोवती सावकाश फिरत राहतात. आवाज फक्त साखळपट्ट्याचा. मोटारी बंद केल्या तर काही चाललंय हे कळणारसुद्धा नाही. उकळतं पाणी, वाफ, थरथरणारं झाकण यांतलं इथे काहीही नाही. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणून कांड्या म्हाताऱ्या होत जातात तसा खोक्यांना फिरण्याचा वेळ वाढवत न्यावा लागतो.

किरणांचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे. ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे. माणसाच्या अंगभर चार-पाच ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव वाचणं कठीण. म्हणजे हा डोस त्याच्या पाच हजार पटींहून जास्त. आणि तरी, उष्णतेच्या हिशेबात पाहिलं तर एवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम सहा अंश तापेल. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी तो पुन्हा तपासला होता. मारतं ते तापमान नव्हे. ऊर्जा थोडी असते, पण ती जिथे पडते तिथे एकेक बंध तोडते. जंतूचा डीएनए हा लाखो जोड्यांचा एकच प्रचंड रेणू. त्यात कुठे ना कुठे तुटणारच, आणि जागोजाग तुटला की जंतूला पुढची पिढी काढता येत नाही. प्रथिनाचा रेणू त्यामानाने चिमुकला, म्हणून बरेचसे रेणू या माऱ्यातून निसटतात. किरणं जंतू ओळखत नाहीत, लस ओळखत नाहीत. ज्याचा रेणू मोठा त्याला तडाखा जास्त, एवढाच त्यांचा न्याय. नेमक्या याच न्यायावर रूथ नुसेन्झ्वाइग यांनी १९६७ मध्ये हिवतापाच्या परजीवींना क्ष-किरण दिले होते. परजीवी जगले, पण त्यांची वाढ खुंटली, आणि ते टोचलेल्या उंदरांना हिवतापापासून संरक्षण मिळालं. तिथे तर किरणांनीच लस घडवली.

या न्यायाला अपवादही आहेत. १९५६ मध्ये आर्थर अँडरसन अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये डबाबंद मांस किरणांनी टिकवायचे प्रयोग करत होते. जंतू मरायलाच हवेत इतका डोस दिलेला एक डबा तरीही नासला, आणि त्यात सापडला डायनोकॉकस रेडिओड्युरान्स हा जंतू. त्याचा डीएनए तुटत नाही असं नाही. शेकडो तुकडे होतात, आणि तो ते काही तासांत पुन्हा जोडून घेतो. आमच्या कणांची साखळी तुटली की तुटली. तिला जोडणारं कुणी नाही.

ती तुटतेच. पॉलिमरची साखळीही लांब, म्हणजे किरणांच्या न्यायाने तीही मोठं लक्ष्य. दोऱ्याला डोळे मिटून कात्री लावावी तसं कुठेही तुटतं. टोकाजवळ तुटलं तर फारसं बिघडत नाही, मध्ये तुटलं तर एका लांब दोऱ्याचे दोन आखूड होतात. डोस वाढेल तसे तुकडे वाढतात, आणि मुळात साखळी जितकी लांब तितकी ही घट जास्त दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कण गोल, गुळगुळीत, जसेच्या तसे. पण तेच कण विरघळवून रेणुभार मोजणाऱ्या यंत्रातून काढले की पडद्यावरच्या आलेखातली टेकडी कमी रेणुभाराकडे सरकलेली दिसते. त्या दिवशी किरणं दिलेल्या आणि न दिलेल्या पुडीच्या दोन रेषा एकावर एक ठेवून पाहिल्या. पांढरी पूड जे सांगत नव्हती ते तिथे होतं.

साखळी आखूड झाली म्हणजे कण आधी फुटणार. सहा आठवड्यांनी सुटायची लस पाचव्यातच, कदाचित त्याहूनही आधी सुटणार. औषधाच्या कणांमध्ये हा फरक काही वेळा पचवता येतो. लशीत तसं नाही. दोन डोसांमधला मोकळा काळ हाच तर उपचाराचा भाग आहे. पहिल्या डोसानंतर शरीराची स्मृती तयार व्हायला वेळ लागतो, आणि दुसरा डोस घाईने आला तर तो त्या स्मृतीला हवा तसा जागवत नाही. आत्याच्या वहीत चार आठवडे का लिहिलेले होते, ते मला असं उलट्या वाटेने समजलं.

तुटण्याहूनही मला जास्त अस्वस्थ करतं ते तुटल्यानंतरचं. बंध तुटला की टोकाला एकटा इलेक्ट्रॉन उरतो. त्याला मुक्त मूलक म्हणतात. द्रवात असता तर क्षणात कुणाशी तरी जोडला गेला असता. पण सुकं पॉलिमर खोलीच्या तापमानाला काचेसारख्या ताठ अवस्थेत असतं, त्यातल्या साखळ्या हलत नाहीत, आणि मूलक जागीच अडकून राहतात. असे एकटे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या ईएसआर यंत्रात ते कितीतरी दिवस दिसत राहतात. किरणं थांबली, खोका परत आला, ठिपका लाल झाला, नोंद झाली. कणाच्या आत मात्र काम सुरूच आहे. प्राणवायू आत झिरपतो, मूलकांना भेटतो आणि आणखी काही बंध सुटतात. घरी कुणीतरी विचारतं, “म्हणजे ती पूड किरणोत्सर्गी होते का?” तर नाही, अजिबात नाही. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा अणूचं केंद्रक बदलायला पुरत नाही. त्या भीतीत तथ्य नाही. पण “काहीच राहत नाही” असं उत्तर देताना माझी जीभ अडखळते. किरणं राहत नाहीत, त्यांचा परिणाम काही काळ चालत राहतो.

आणि मग आतलं प्रथिन. धनुर्वाताचं टॉक्सॉइड म्हणजे आधीच फॉर्माल्डिहाइडने निरुपद्रवी केलेलं विष. विषारीपणा गेला पण आकार राहिला, आणि त्या आकारावरच सगळी भिस्त, कारण शरीर तोच ओळखायला शिकतं. त्याच्या आसपास पाण्याचा अंश उरला असेल तर किरणं त्या पाण्यातून हायड्रॉक्सिल मूलक उठवतात आणि ते प्रथिनाला थेट किरणांपेक्षाही जास्त छळतात. म्हणून पूड कोरडी हवी, अगदी कोरडी. म्हणून कुपीत हवेऐवजी नायट्रोजन. म्हणून प्रथिनाबरोबर ट्रेहॅलोजसारखी साखर, म्हणजे सुकताना आणि किरणं झेलताना त्याला आधार राहतो. आणि म्हणून ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड: उणे ७८ अंशांना कुप्या गोठलेल्या असताना किरणं दिली तर मूलकांना फिरायला जागा मिळत नाही आणि प्रथिनाचं नुकसान बरंच आवरतं. ड्राय आइसमध्ये भरलेला खोका उघडताना पांढरा धूर टेबलावरून खाली ओघळतो, कुप्यांवर बाष्प धरतं, आणि काच पुसल्याशिवाय तिचा रंग कळत नाही.

एवढं सगळं कशासाठी, थेट निर्जंतुक खोलीतच का बनवत नाही, असं सहकारी विचारतात. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. बाजारातली महिनाभर टिकणारी कण-औषधं बहुतेक तशीच बनतात. पण निर्जंतुक खोलीत बनवलेल्या मालाची खात्री शेवटी चाचणीवर येते, आणि त्या चाचणीचा हिशेब करून पाहावा. बॅचमधल्या वीस कुप्या उघडून दोन प्रकारच्या पोषक द्रावणांत चौदा दिवस ठेवतात. गढूळ झालं नाही तर बॅच पास. आता समजा शंभरातली एक कुपी दूषित आहे. नेमक्या स्वच्छ वीसच हाताला लागण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के निघते. म्हणजे शंभरात एक दूषित असलेली बॅच बहुतेक वेळा पास होईल. याउलट, बुचं लावून झाल्यावर दिलेल्या किरणांचा हिशेब दहा लाख कुप्यांत एकाहून कमी दूषित असा मांडता येतो, कारण डोस वाढेल तसे जंतू ठरलेल्या प्रमाणात घटत जातात. ज्या टोचणीने निरोगी बाळाच्या किंवा निरोगी गरोदर बाईच्या अंगात शिरायचं, तिच्याबाबतीत मला हा दुसरा हिशेब हवा असतो. त्या बदल्यात थोड्या साखळ्या तुटल्या तरी चालतील असं मी म्हणते. आणि असं म्हणताना मला पूर्ण बरं वाटत नाही.

मधला एक मार्ग आहे, आणि माझा जीव त्यात गुंतला आहे. २५ किलोग्रे हा आकडा काही दैवी नाही. किरणं देण्याआधी एका कुपीत सरासरी किती जंतू आहेत, यावर तो ठरतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती सरासरी दीडच्या आत राखली आणि ठरलेल्या चाचण्या उतरल्या, तर १५ किलोग्रे पुरतात. म्हणजे आधीची स्वच्छता जितकी काटेकोर, तितका शेवटचा मारा सौम्य. द्रावणं आधीच गाळून घ्यायची, पाणी ताजं वापरायचं, सुकवणीच्या तबकांना हात लावण्याआधी हातमोजे बदलायचे, कुपी उघडी राहण्याचा प्रत्येक मिनिट मोजायचा. हे कुणाच्या नजरेत भरणारं काम नाही. शोधनिबंधात त्याला एक ओळ मिळते. पण दहा किलोग्रे वाचले तर किती साखळ्या शाबूत राहतील, हे डोळ्यांसमोर आलं की हातमोजे बदलायचा कंटाळा येत नाही.

धुरकट होणाऱ्या काचेवरही आमच्याकडे चर्चा झाली. सेरियम हे मूलद्रव्य मिसळलेली काच घेतली तर किरणांनंतरही ती स्वच्छ राहते, टोचणाऱ्या माणसाला आतलं नीट दिसतं, आणि तपकिरी कुपी पाहून कुणी बिचकणार नाही. हे खरंच आहे. शेवटी तीच काच घ्यावी लागेल. मला मात्र प्रयोगशाळेत तरी ती धुरकट काच हवीशी वाटते, कारण पुडीतलं न दिसणारं विसरू नये म्हणून समोर काहीतरी असावं. हे शास्त्रीय कारण नाही, मला मान्य आहे.

अशी लस अजून सर्रास वापरात आलेली नाही, आणि दोष एकट्या किरणांचा नाही. कण विरताना आत साचणारं आम्ल, ३७ अंशांची ऊब, आठवडेच्या आठवडे ओल. आतलं प्रथिन वाट पाहता पाहताच खचतं. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या गटाने पीएलजीएचे सूक्ष्म पेले बनवून, त्यात लस भरून, वर झाकण चिकटवून दाखवलं. झाकण विरलं की आतलं एकदम बाहेर. ते छायाचित्र पाहिलं तेव्हा मी आनंदाने उठून उभी राहिले होते. लगेच मनात आलं, याला निर्जंतुक कसं करणार? त्या झाकणाच्या साखळ्यांनाही कुठल्या तरी वाटेने जावंच लागणार.

म्हणून आता आमच्या टेबलावर एक नियम मी धरून आहे. ताज्या कणांवर घेतलेले आकडे मी लशीचे आकडे मानत नाही. लस किती आठवड्यांत सुटते ते किरणं दिलेल्या कणांवर मोजायचं. आणि नुसतं दिल्या दिल्या नाही, तर मूलक शांत होईपर्यंत काही महिने ठेवून, पुन्हा. टॉक्सॉइडचा आकार टिकलाय का, तेही त्याच कुप्यांमधून काढून पाहायचं. पुढच्या बॅचला २५ ऐवजी १५ किलोग्रे देता येतील का, हे जंतूंच्या मोजणीवर ठरेल. ती मोजणी होईपर्यंत मी सुरुवातीच्या साखळ्याच थोड्या लांब घेतेय, लॅक्टिकचा वाटा जरासा वाढवतेय. किरणांत किती तुटतील ते आधीच वजा धरून, उरलेल्या कणाला चार आठवडे निभावता यावेत या बेताने.